लॅपटॉप, स्लाइड गिटार आणि मामांचा तंबोरा: कुणाला ऐकू?

सराफा_स्लाइड (इंदूर)
नमस्कार मंडळी. मी रामबागेतला, गिटार वाजवतो, ब्लूज जास्त, स्लाइड घालून. माझे मामा देवासकडच्या एका भजनमंडळीत कबीर गातात, अगदी मालवी ढंगात, तंबोरा आणि करताल दोन्ही स्वतः सांभाळून. मंडळीत मराठी आम्ही दोघंच, बाकी आजूबाजूच्या गावांतले. नुसती गिटार घेऊन शेजारी बसलो तर मस्त जमतं, कॉर्ड-बिर्ड काही लागत नाही, एक सूर धरून स्लाइडने गळ्याच्या मागे मागे जायचं बस. पण मध्ये मला सुचलं की लॅपटॉप पण घेऊ, ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) बीट लावला आणि सगळा विचका झाला. कारण आधी साखी म्हणजे कबीराचा दोहा, ती बिनतालाची, मामांना वाटेल तेवढी लांबणार, मग भजन सुरू, मग ढोलकवाला रंगात आला की लय चढून राहिली आणि लॅपटॉप आपला सरळ नव्वदवरच. मामा गाताना थांबले आणि म्हणाले, "अरे हा मध्येच कोण बोलून राहिलाय?"

तर विचारायचं हे की इलेक्ट्रॉनिक्स, लोकसंगीत किंवा ब्लूज आणि आयत्या वेळी सुचेल तशी गिटार, हे तिन्ही एकत्र करणारे लोक कोण आहेत ज्यांच्याकडे मशीन मालक होऊन बसत नाही? तबल्याचा लूप आणि वर 'आऽऽ' वाली हॉटेलच्या लॉबीतली गाणी प्लीज सुचवू नका, ती भरपूर ऐकली.

पोहे_विथ_पेडल (इंदूर)
भिया पहिला फेनेझ ऐक. व्हिएन्नाचा ख्रिस्टियान फेनेझ, 'एंडलेस समर', २००१. गिटार कॉम्प्युटरमध्ये घालून तिचा पार भुगा करतो पण भुग्यातून पण चाल ऐकू येत राहते, आणि ठोका पुढे पुढे करत नाही. तुझ्या साखीच्या भागाला हे चालेल असं मला वाटतं.

मग कीथ रो. लंडनचा एएमएम हा आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणारा ग्रुप, १९६५ पासूनचा, त्यातला गिटारवाला. हा बाबा गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवतो, आणि शेजारी रेडिओ चालू, स्टेशनवर जे लागेल ते संगीतात आलं. सगळ्यांना झेपत नाही, मला पण एका बैठकीत नाही झेपलं.

आणि एकदम उलटं उदाहरण पाहिजे तर इंग्लिश गिटारवाला डेरेक बेली, १९९६, 'गिटार, ड्रम्स एन बेस'. मागे जंगल (डान्स क्लबातला वेगवान, तुटक मशीनचा ठोका) तुफान सुटलाय आणि हा त्याच्यावर स्वतःचं तुटक तुटक वाजवतोय, बीटला हिंग लावून विचारत नाही. म्हणजे मशीन ठाम असायला हरकत नाही, माणसाने तिच्यामागे धावायचं नाही ठरवलं तर. अर्थात हे मामांना सांगू नको.

शेवटचं, इलेक्ट्रॉनिक संगीतवाला फोर टेट म्हणजे कीरन हेब्डन आणि जॅझ ड्रमर स्टीव्ह रीड, 'द एक्स्चेंज सेशन', २००६. समोरासमोर बसून वाजवलंय, नंतर काही चिकटवलं नाही. इथे लॅपटॉपवाला ड्रमरचं ऐकतो. तुझा प्रॉब्लेम मला वाटतं इथेच सुटतो, लूप मामांनी नाही पकडायचा, तू मामांना पकडायचं.

बडोदेकर_बाळ्या (बडोदा)
सगळे व्हिएन्ना आणि लंडनलाच का चालले? आमच्या शेजारी अहमदाबादला एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६९ मध्ये मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, आला होता! अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथे स्टुडिओ लावून दिला, गीता साराभाईंमुळे ते जुळलं. (ह्याच गीताबेननी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला आपलं संगीत शिकवलं होतं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य शिकल्या होत्या, असा अदलाबदलीचा व्यवहार.) त्या स्टुडिओतल्या टेप वर्षानुवर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या, पॉल पर्गसने त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' नावाने रेकॉर्ड निघाली. गिटार नाहीये त्यात, आधीच सांगतो. पण समोर कुठला नमुना नसताना आपल्या लोकांनी नॉब फिरवून काय काय काढलं ते ऐकण्यासारखं आहे.

आणि चरणजित सिंग विसरू नका. सिनेमातले गिटारवाले, १९८२ मध्ये रोलंड कंपनीची ३०३ (बेसचा सिंथ), ८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) घेऊन डिस्को ठोक्यावर दहा राग वाजवले. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे ना, तिचा वापर त्यांनी मींडेसाठी केलाय. स्लाइडवाल्याने हे नक्की ऐकावं. ठोका मात्र लोखंडी आहे, हलत नाही.

स्लाइडवरून आठवलं, ब्रिजभूषण काब्रा ऐकलेत का? 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७, त्यात गिटार त्यांची. सिंथ-बिंथ काही नाही, पण मांडीवर गिटार आडवी घेऊन गळ्यासारखी कशी वाजते ते कळतं.

जुने_काका (इंदूर)
मुलांनो, राग मानू नका पण मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. कबीराच्या भजनाखाली मशीन हवंच कशाला? कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, १९४८ मध्ये देवासला आले, आजारपणात गाणं बंद, अंथरुणावर पडून बाहेरच्या बायकांची मालवी गाणी ऐकत होते. पुढे त्याच लोकधुनांमधून त्यांनी धुनउगम, म्हणजे धुनेतून उगवलेले, राग काढले. किती वर्षं ऐकण्यात घालवली बघा, मग हात लावला. आता एक लॅपटॉप उघडला की झालं फ्यूजन. आणि मालवी भजनाला तंबोऱ्याचा जो झणत्कार असतो त्यावर अजून एक घूं घूं कशाला चढवायची?

सराफा_स्लाइड
काका रागावलो नाही, बरं झालं बोललात. पण मामांकडे मी शाळेत असल्यापासून जातोय, टाळ पण धरलेत, तेव्हा आजच पहिल्यांदा ऐकलं असं नाही. आणि मालव्यातले कबीर गाणारे प्रह्लादसिंग टिपानियाजी, त्यांच्या साथीला व्हायोलिन असतंच की, ते कुठे मालव्यातलं? कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा मांडीवर घेऊन बसलाच असेल, तेव्हा पण कोणीतरी काका नाराज झाले असतील 😀

मला बीट नकोच आहे आता, @पोहे_विथ_पेडल तुझं पटलं. साखीच्या मागे काहीतरी पसरट हवं आहे, मामांचाच आवाज पकडून लांबवलेला. तसं रेकॉर्ड पण करून ठेवलंय मंडळीचं बरंच, त्यातले तुकडे कापून वापरू का असा विचार चालू आहे.

निमाड_न्यूट्रल
कापण्याआधी जरा थांब. अमेरिकन इलेक्ट्रॉनिक संगीतवाला मोबी, त्याचा 'प्ले' अल्बम आठव, १९९९ चा. 'नॅचरल ब्लूज' मधला तो बाईचा आवाज व्हेरा हॉलचा, अलाबामाची, लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्स मंडळींनी रेकॉर्डिंग केली त्यातला. गाणं जगभर गाजलं, जाहिरातींत वाजलं, पण ती तर १९६४ मध्येच वारली होती, हो म्हणायला पण नव्हती आणि नाही म्हणायला पण नव्हती. गाणं मला आवडतं, खोटं का बोला. पण तुझे मामा आणि ढोलकवाले समोर बसलेत, त्यांना हेडफोन लावून ऐकव, नाव कुणाकुणाचं घालायचं ते विचार, पैसे आले तर कसे वाटायचे ते आधीच बोल. मामा घरचे आहेत, ढोलकवाला घरचा नाही.

ब्लूजसाठी माझ्याकडून एकच, लिटल ॲक्स, 'द वुल्फ दॅट हाउस बिल्ट', १९९४. जुना ब्लूज, गिटार आणि डब (रेगेतून आलेला, घुमणाऱ्या प्रतिध्वनींचा प्रकार), अंधारात ऐकायचा माल.

साउंडचेक_ताई (इंदूर)
मी लाइव्ह साउंड करते, ऐकायची यादी झाली असेल तर जरा वायरींकडे येऊ.

आधी सूर. मंडळीचा तंबोरा ४४० हर्ट्झला (पाश्चात्त्य वाद्यं लावायचं ठरलेलं माप) लावलेला नसतो, त्या दिवशी मामांचा गळा जिथे असेल तिथे लावतात. तुझा सिंथ मात्र ४४० धरून बसतो. तंबोऱ्याचा षड्ज समजा २२२ हर्ट्झवर आहे आणि तू खाली २२० चा ड्रोन सोडलास तर सेकंदाला दोन वेळा वांव वांव होणार, काकांना जी घूं घूं नकोय त्यातली अर्धी हीच असते. बहुतेक सिंथमध्ये मास्टर ट्यून (सगळं वाद्य एकदम वर-खाली सरकवायची सोय) असतं, आधी तंबोरा लागू दे, मग ते कानाने फिरव, शेवटी गिटार.

मग डिले, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी. टेम्पो सिंक (तो बीटला बांधायची सोय) बंद कर. रिपीटचा वेळ सेकंदांत ठेव आणि बेताल ठेव, ढोलक सुरू झाली की फीडबॅक (रिपीट किती वेळा होतात ते) खाली आण. लूप करायचाच तर फक्त बिनठोक्याचा सूर कर, ढोलक आत शिरलेला लूप पुढच्या अंतऱ्याला हमखास अंगावर येतो, कारण तोपर्यंत लय चढलेली असते. मामांचा आवाज लांबवायला ग्रॅन्युलर इफेक्ट (आवाजाचे बारीक कण करून पसरवणारा) घे, फ्रीझ (सूर तिथेच धरून ठेवणारं) बटण पायाखाली ठेव, साखीची ओळ संपता संपता दाब आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत सोड. गाताना मामांच्या मॉनिटरमध्ये (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) ते देऊ नकोस, त्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू आला की ते पुन्हा थांबतील.

बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) साठवतो ते, १२८ वर ठेव, ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला तो साधारण ३ मिलिसेकंद पडतो, १०२४ ठेवलास तर २३ होतात आणि वर ऑडिओ इंटरफेसचा (गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा) वेळ वेगळा, मग स्लाइड हाताच्या मागे राहायला लागते. जुना लॅपटॉप १२८ वर कडकड करत असेल तर गिटारचा कोरडा आवाज थेट मिक्सरला पाठव आणि फक्त इफेक्ट लॅपटॉपमधून घे, त्याला थोडा उशीर झाला तरी चालतो.

सराफा_स्लाइड
ताई हे सोनं आहे!! तंबोऱ्याला माइक कसा लावू? समोर ठेवला की ढोलकच जास्त येऊन राहिला.

साउंडचेक_ताई
पायझो डिस्क मिळते ना इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, बझरमधली, ती भोपळ्यावर नको, वरच्या लाकडी तबकडीवर घोडीच्या जवळ लाव. प्रीॲम्प किंवा डीआय (वाद्याचा सिग्नल मिक्सरजोगा करणारा डबा) मध्ये जाऊ दे, सरळ मिक्सरला दिलीस तर पत्र्यासारखा आवाज येईल. आणि चिकटवायला फेविक्विक अजिबात नको, पॉलिश निघतं, दुहेरी टेप वापर, तेही मामांना विचारून.

जुने_काका
टेप पण लाकूड धरते उन्हाळ्यात. मेण वापरा.