मदत हवी आहे: आईचा सोरायसिस आणि पोटाच्या तक्रारी

नमस्कार मंडळी. आईला बरीच वर्षं सोरायसिस आहे. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात चट्टे. कंगवा फिरवला की खांद्यावर पांढरे पापुद्रे पडतात, म्हणून ती गडद रंगाची साडीच नेसत नाही. हल्ली पोटही बिघडलंय. जेवण झालं की कळ येते, जुलाब होतात, वजन उतरलंय.

सोरायसिस असणाऱ्यांत क्रोन्स हा आतड्याचा आजार जास्त आढळतो, हे कळल्यापासून धास्ती वाटतेय. त्यात त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिससाठी सेक्युकिनुमॅबची इंजेक्शनं सुचवताहेत. आतड्याला सूज असेल तर आयएल-१७ (शरीरात सूज वाढवणारं एक प्रथिन) रोखणारी ही इंजेक्शनं त्रास वाढवू शकतात, म्हणून आधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवणारच आहोत. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्याला सूज आहे का ते कळण्यासाठी) कुणी केली आहे का? खर्च किती आला? नंतर कोलोनोस्कोपी करावी लागली का?

नातेवाईक म्हणतात, गहू बंद करा. पण सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते, नाहीतर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे पोळी चालूच ठेवली आहे.

घरात कुणाला हे दोन्ही त्रास एकदम झाले असतील, तर कोणतं औषध लागू पडलं ते कृपया लिहा. पुण्यातले चांगले पोटविकारतज्ज्ञही सुचवा.