लाळेच्या चाचणीत आर१ए-झेड९३ आलं, पुढे कुणाची चाचणी करावी?

पिंपळपान: वडिलांच्या चाचणीत वाय गुणसूत्राचा (बापाकडून मुलग्याकडे जाणाऱ्या) गट आर१ए-झेड९३ आला, मायटोकॉन्ड्रियाचा (आईकडून मुलांकडे येणाऱ्या डीएनएचा) नुसताच 'एम'. आईच्या माहेरचं मूळही शोधायचं आहे, पण मामा हयात नाहीत.

तिरकस: मामेभाऊ आहे ना? मामांचं वाय त्याच्याकडे जसंच्या तसं आलेलं असतं. मामेबहीण चालणार नाही, बायकांत वाय नसतं. मामेभाऊही नसेल तर आईचा चुलतभाऊ. वडिलांचा 'एम' मात्र तुमच्या आजीचा, म्हणजे तिच्या आईच्या, तिच्या आईच्या... तो तुमच्यात नाही, आत्याच्या मुलांत सापडेल.

नुसत्या 'एम'वरून काही कळत नाही, भारतात निम्म्याहून अधिक लोक त्यातच येतात. नेहमीच्या चाचणीतली चिप डीएनएतल्या ठरावीक जागाच वाचते. उपशाखा हवी तर मायटोकॉन्ड्रियाची सगळी १६,५६९ अक्षरं वाचणारी चाचणी घ्या.

वेदगंगा: झेड९३साठी आधी चाचणीची कच्ची फाइल (वाचलेल्या जागांची यादी) उतरवून घ्या. भारतात त्याखालची एल६५७ ही शाखा बरीच आढळते, तिची जागा तपासा. इथे हमखास चूक होते: फाइल बिल्ड ३७ची आणि जागेचा क्रमांक बिल्ड ३८चा (बिल्ड म्हणजे जागांना क्रमांक देणाऱ्या नकाशाची आवृत्ती). मग भलतीच ओळ वाचली जाते. त्या जागेपुढे अक्षराऐवजी दोन आडव्या रेघा दिसल्या तर 'वाचता आलं नाही' एवढाच अर्थ, 'बदल नाही' असा नव्हे. त्यापुढे जायचं तर बिग वाय-७०० ही वाय सविस्तर वाचणारी चाचणी. वायवरच्या फक्त ३७ मार्करांच्या (खुणेच्या जागांच्या) स्वस्त चाचणीत आर१एवाल्यांचे आकडे योगायोगानेही जुळतात.

आणि झेड९३ म्हणजे 'आपण स्टेपमधले' (युरोप-आशियातल्या गवताळ प्रदेशातले) असं लगेच म्हणू नका. दहा पिढ्यांमागे पूर्वजांच्या १,०२४ जागा, त्यातली ही एक. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी सापडलेल्या सांगाड्याचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला जीनोमही (संपूर्ण डीएनए) इथे तुलनेला घेता येत नाही: ती बाई होती, वाय नाहीच. तिचा मायटोकॉन्ड्रियाचा गट यू२बी२.

तिरकस: चाचणीवाले डीएनए जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी देतात, तिथेही सावध. पिढ्यान्‌पिढ्या जातीत लग्नं, त्यात मामेबहिणीशीही, त्यामुळे जुळणाऱ्या तुकड्यांची एकूण बेरीज फुगते. बेरीज ६० सेंटिमॉर्गन (तुकड्यांची लांबी मोजायचं एकक) आणि सर्वांत लांब तुकडा ९चा, तर नातं बरंच जुनं समजा. मी तुकडा १५-२०च्या वर असल्याशिवाय कुणाला निरोप धाडत नाही.

पिंपळपान: मामेभाऊ सत्तरीचे आहेत. थुंकी येईल का पुरेशी?

वेदगंगा: आधी अर्धा तास चहा, पान, तंबाखू काही नको. गाल बाहेरून चोळायचे, जीभ टाळूला घासायची, सावकाश थुंकायचं. नळीवरच्या खुणेपर्यंत द्रव हवा, वरचा फेस मोजायचा नाही. तरी जमलं नाही तर गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेणारी चाचणी निवडा.