कॉन्शन्सला मराठीत काय म्हणता?

जेलरोडकर: शेजारी वसईच्या काकू आहेत, कॅथलिक, कितीतरी वर्षं इंदूरलाच. माहेरच्या महिला मंडळासाठी मतदानावर चार ओळी लिहायच्या म्हणून बसल्या आणि गाडी कॉन्शन्सवर अडली. इथे मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) हिंदीत, तिथे अंतःकरण म्हणतात. आम्ही पण अर्धे हिंदीतच जगतो तरी मला खटकलं, मराठीत अंतःकरण भरून येतं, ते काय मत देणार?

कलमवाला: संविधानाचं कलम २५ बघा ना. हिंदीत अंतःकरण, मराठी प्रतीत सदसद्विवेकबुद्धी. अर्थ पक्का, पण बोलताना जीभ अडखळते.

पोहेप्रेमी: मग अंतरात्मा?

कलमवाला: नको भिया. १९६९ ला राष्ट्रपतीच्या निवडणुकीत इंदिराबाईंनी अंतरात्म्याचा आवाज ऐका म्हटलं, पक्षाचेच उमेदवार संजीव रेड्डी पडले, गिरी निवडून आले. तेव्हापासून हा शब्द ऐकला की क्रॉस व्होटिंगच आठवतं.

माळव्याची_मावशी: आपली आजी म्हणायची जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग. आणि चूक झाली की मन खातं. कॉन्शन्स दुसरं काय असतं?

जेलरोडकर: हे काकूंना वाचून दाखवलं. म्हणाल्या मस्त आहे, पण मन खातं ते नंतर, बटण दाबून घरी आल्यावर, आमच्याकडे कॉन्शन्स आधी पण बोलतो. आणि मला वाटलं ते केलं असंही नाही, तो घडवावा लागतो, बायबल, चर्चची शिकवण, मुद्द्याची खरी माहिती, जाणत्यांचा सल्ला. अमेरिकेच्या बिशपांचं २००७ चं मतदारांसाठीचं पत्रक आहे, त्याच्या नावातच कॉन्शन्स घडवणं आहे. कॅटेकिझममधे (चर्चच्या शिकवणीचं पुस्तक) परिच्छेद २२४० ला कर भरणं आणि मत देणं दोन्ही कर्तव्य म्हणून एकाच दमात सांगितलंय (कराचं ऐकून आमचे हे गप्प). फादरांना मात्र सत्तेचं पद घ्यायला १९८३ च्या चर्चच्या कायद्यात मनाई, राजकारणात उतरायचं ते साध्या लोकांनी.

कलमवाला: मग विवेकच घ्या. अंतःकरण घडवलं म्हटलं तर कानाला लागतं, विवेक घडवला चालून जातं.

पोहेप्रेमी: पण विवेक म्हणजे प्रुडन्स, परिस्थिती तोलून ठरवणं, पण होतो ना?

माळव्याची_मावशी: त्याला तारतम्य आहे की! दोन्ही उमेदवार अर्धे-अर्धेच पटतात तेव्हा तेच लागतं.

जेलरोडकर: विवेक आणि तारतम्य दोन्ही घेतले, मन खातं पण ठेवलंय. फक्त कलमाचं नाव लिहायचंय, सदसद् की सद्सद्?

कलमवाला: सत् आणि असत्, म्हणून सदसद्. मधला द पूर्ण.