आठवा आठवडा चालू आहे, पोटात काही टिकत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो,

पहिलीच खेप आहे. आई दोन वर्षांपूर्वी गेली, सासूबाई गावी असतात आणि तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलंय. त्यामुळे विचारायला जवळ कुणीच नाही.

पाळी चुकली तेव्हा नुसती झोप यायची. सहावा आठवडा संपता संपता मळमळ सुरू झाली आणि आता दिवसातून पाच-सहा उलट्या होतात. शेजारी सकाळी हिंगाची फोडणी पडली की मी नाक दाबून बाथरूमकडे पळते. पोटात काही नसलं तरी कोरडे उमासे येत राहतात, बरगड्या दुखतात. तोंडात सारखी तांब्याचं नाणं चोखल्यासारखी चव. साधं पाणीही नको वाटतं, गार लिंबू सरबत तेवढं टिकतं. वजन 54 वरून साडेबावन्नवर आलंय.

सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले, फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. पण दवाखान्यात इतकी गर्दी होती की काही विचारताच आलं नाही. पुढची तारीख एकदम बाराव्या आठवड्यातली, एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती सोनोग्राफी).

मी खात नाही तर बाळाचं कसं होणार? किती त्रास नेहमीचा आणि कधी धावत जायचं? आणि रविवारी कपड्याला तपकिरी डाग दिसला, एकदाच. नवऱ्याला सांगितलं नाही, तो आधीच घाबरलाय. शेवटची पाळी 55 दिवसांपूर्वीची, मग गर्भ आठ आठवड्यांचा कसा, हेही कळत नाही.

प्रतिसाद 1

अगं, आधी त्या डागाबद्दल आजच दवाखान्यात फोन कर. या दिवसांत थोडा डाग पुष्कळजणींना दिसतो आणि पुढे सगळं सुरळीत होतं, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. लालभडक रक्त जायला लागलं, ओटीपोटात कळा आल्या, एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर येऊन पडलीस, तर फोन करत बसू नकोस, रात्र असली तरी थेट जा. आणि नवऱ्याला सांग. न्यायचं त्यालाच आहे.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ राहण्याआधीचे दोन आठवडेही त्यात धरलेले असतात. त्याच दिवसापासून 280 दिवस मोजून बाळंतपणाची तारीख काढतात.

बाळाची काळजी करू नकोस. आत्ता ते जेमतेम राजम्याच्या दाण्याएवढं आहे, त्याला लागतं ते तुझ्या अंगातून मिळतं. जपायचंय ते तुला. दिवसभरात पाणीसुद्धा टिकलं नाही, लघवी गडद पिवळी किंवा अगदी कमी झाली, किंवा वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं (तुझ्या बाबतीत पावणेतीन किलो), तर सलाईनची वेळ येऊ शकते. मला तिसऱ्या महिन्यात दोन दिवस लावलं होतं. आपण सोसायला कमी पडलो असं वाटून मी तेव्हा रडले होते. तू तसं मनात आणू नकोस.

मळमळीवर गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या असतात. माग त्या, संकोच करू नकोस. मी उशाशी डब्यात साळीच्या लाह्या ठेवायचे. डोळे उघडले की पडल्या पडल्याच चार दाणे चघळायचे आणि वीस मिनिटांनी उठायचे. उपाशीपोटी उठलं की हमखास उलटी. गरम जेवणाला वास फार येतो, म्हणून गार दहीभात खायचे. बहुतेकींचं बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात उतरतं. माझं पंधराव्यात उतरलं, एका दुपारी अचानक पिठलं खावंसं वाटलं तेव्हा कळलं.

प्रतिसाद 2

ताई म्हणतात ते सगळं बरोबर. एकच सांगते, मळमळ एखादा दिवस कमी झाली म्हणून घाबरू नकोस, कमी-जास्त होत राहते. एनटी स्कॅन मात्र चुकवू नकोस, ते 11 ते 14 आठवड्यांच्या मधेच करतात. सोबत डबल मार्करची, म्हणजे बाळात जन्मजात दोषाची शक्यता किती ते पाहणारी, रक्ततपासणी सांगतील. आणि कुणी एकीला तरी सांग गं, सासूबाईंनाच सांग.

धागाकर्ती

फोन केला. उद्या सकाळी साडेदहाला बोलावलंय, लघवीही तपासणार आहेत. नवऱ्याला आत्ताच सांगितलं, तो लाह्या आणायला खाली गेलाय. सासूबाईंना उद्या तपासून आल्यावर फोन करीन. काय म्हणाले ते इथे लिहिते.