कॉलेज फुटबॉलच्या ऑफेन्समध्ये रन आणि पास निम्मे-निम्मे हवेतच का? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

चौथा डाऊन
अमेरिकन कॉलेज फुटबॉलची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास येतं: "ऑफेन्स (आक्रमण) बॅलन्स्ड हवा, निम्मे रन (चेंडू घेऊन पळणं), निम्मे पास (चेंडू पुढे फेकणं)." मला हे अजिबात मान्य नाही.

मुळात हा आकडाच फसवा आहे. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) सॅकचे, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्याला) मागे पाडल्याचे, यार्ड पासिंगमधून वजा होतात, कॉलेजच्या नोंदीत मात्र सॅक हा क्वार्टरबॅकचा रन धरतात. पास टाकायला मागे गेलेला क्वार्टरबॅक कोणी मोकळं दिसेना म्हणून पळाला, तर तोही रनच. समजा कागदावर ३६ रन, २४ पास आणि रनचे १३२ यार्ड आहेत. सरासरी झाली ३.७. आता त्यात ४ सॅक (उणे २८ यार्ड) आणि ४ वेळचं असं पळणं (२० यार्ड) असेल, तर प्रशिक्षकाने खरोखर सांगितलेले रन २८ आणि पास ३२. त्या २८ रनची सरासरी चक्क ५ यार्ड! "आज रन चालत नाही" म्हणून ते बंद करणारा संघ चांगला चाललेला भाग बंद करत असतो.

मोजायचंच असेल तर प्ले (एकेक चाल) यशस्वी झाला का ते मोजा. दहा यार्ड काढायच्या चार संधी म्हणजे डाऊन; पहिल्या डाऊनला हव्या असलेल्या यार्डांपैकी ५०%, दुसऱ्याला ७०%, तिसऱ्या-चौथ्याला १००%. आणि स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) बॉक्समधली, म्हणजे आपल्या लाइनसमोर दाटीने उभी असलेली, बचावाची माणसं मोजा. पाच लाइनमन आणि त्यांच्या टोकाला एक टाइट एंड म्हणजे आपले सहा ब्लॉकर (बचावपटूंना अडवणारे). समोर सहा असतील तर रन, सात असतील तर पास. समोरच्याने सामनाभर सहाच ठेवले तर ६० पैकी ४५ रन करा, काय बिघडलं?

पुलिंग गार्ड
आकडेवारीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बॉक्सचा नाही. चांगला डिफेन्स स्नॅपआधी सहा दाखवतो आणि चेंडू हलला की १२ यार्डांवरचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) पुढे धावत येतो. तुम्ही सहा मोजून रन दिलात, भिडायला आले सात. म्हणून रन आणि पास दोन्ही नुसते जमून भागत नाही, नेमक्या अडचणीच्या वेळी जमावे लागतात.

४ ऑक्टोबर २०१४ चा सामना घ्या. वॉशिंग्टन स्टेटच्या कॉनर हॅलिडेने कॅलिफोर्नियाविरुद्ध ७३४ यार्ड पास टाकले, कॉलेजच्या सर्वोच्च विभागातला एका सामन्याचा विक्रम. संघ ५९-६० ने हरला. शेवटच्या क्षणी १९ यार्डांचा फील्ड गोल (गुणासाठीची किक) हुकला. १९ यार्डांची किक म्हणजे चेंडू गोल लाइनपासून जेमतेम दोन यार्डांवर! तिथे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) पळायला पुढे फक्त १२ यार्ड उरतात, सगळे बचावपटू दाटीवाटीने उभे असतात. तिथे ताकदीने दोन यार्ड काढणारा रन हवा. पुढे २०१६ मध्ये टेक्सस टेकच्या पॅट्रिक महोम्सनेही ओक्लाहोमाविरुद्ध ७३४ च यार्ड टाकले. निकाल? ५९-६६, पराभव.

मेश
असहमत. ते दोन्ही सामने पासिंगने घालवलेले नाहीत. ६० आणि ६६ गुण दिले ते मुख्यतः डिफेन्सने. ५९ गुण करणाऱ्या ऑफेन्सकडून आणखी काय हवं होतं?

खरी टंचाई वेळेची आहे. एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) नियमाप्रमाणे हंगामात सरावाला आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४. त्यातच व्हिडिओ, बैठका आणि वेट ट्रेनिंगही आलं. प्रशिक्षक हॅल ममी आणि माइक लीच यांच्या एअर रेड या पासिंगप्रधान पद्धतीचं मर्म यातच आहे: मोजके प्ले, पण हजारदा घोटलेले. मेश नावाच्या प्लेमध्ये दोन रिसीव्हर साधारण ६ यार्डांवर समोरासमोरून इतके जवळून जातात की हाताला हात लागावा. मध्ये दोन यार्डांची फट राहिली तर मागे लागलेला बचावपटू त्यातून आरामात निसटतो आणि अख्खा प्ले वाया. ही अचूकता रोज केल्याशिवाय येत नाही. त्यातले दोन तास पॉवर आणि काउंटर या ताकदीच्या रन प्लेंना दिलेत, तर दोन्ही अर्धवट.

लीच यांची बॅलन्सची व्याख्याही वेगळी होती: चेंडू हाताळणाऱ्या प्रत्येक जागेवरच्या खेळाडूकडून यार्ड आणि गुण आले पाहिजेत. रनिंग बॅकला (एरवी चेंडू घेऊन पळणाऱ्याला) छोट्या पासवर ६ यार्ड मिळाले, तर ते रनपेक्षा कमी कसे?

फ्लेक्सबोन
मेश यांचं वेळेचं गणित बरोबर आहे, पण त्यातून उलटा निष्कर्षही निघतो. तेच २० तास ट्रिपल ऑप्शनला द्या, म्हणजे चेंडू घेऊन कोणी पळायचं याचे तीन पर्याय असलेल्या रनला. २०१८ मध्ये आर्मीने (लष्करी अकादमीच्या संघाने) ओक्लाहोमाच्या मैदानावर सुमारे ४५ मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला आणि सामना ओव्हरटाइमपर्यंत नेला (हरले २१-२८). ओक्लाहोमाचा, देशातला सर्वांत धारदार, ऑफेन्स बाकावर बसून होता. आणि १९९५ चं नेब्रास्का! दर सामन्याला जवळपास ४०० यार्ड रनिंग, १२-०, हंगामाअखेरच्या फिएस्टा बोल सामन्यात फ्लोरिडाच्या पासिंगवाल्या संघावर ६२-२४.

ऑप्शनमध्ये दोन बचावपटूंना ब्लॉकच करत नाहीत, क्वार्टरबॅक त्यांच्या हालचाली वाचून ठरवतो. त्यामुळे सात-आठचा बॉक्सही झेपतो. दुबळी बाजू मान्य करतो: १४ गुणांनी मागे असताना तिसऱ्या डाऊनला ८ यार्ड हवे झाले की हातात फारसं काही उरत नाही.

पुलिंग गार्ड
तेच म्हणतोय मी. ती वेळ हंगामात दोन-तीनदा येतेच, आणि बहुधा सर्वांत मोठ्या सामन्यात.

चौथा डाऊन
मिशिगन, २०२३. पेन स्टेटविरुद्ध शेवटचे ३२ प्ले सलग रन, दुसऱ्या हाफच्या नोंदीत एकही पास नाही, २४-१५ ने जिंकले. अंतिम सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध रनिंगचे ३०३ यार्ड, ३४-१३. गरज पडली तर पास टाकणारा क्वार्टरबॅक होता, पण गरज नसताना बॅलन्स दाखवायला पास टाकले नाहीत.

अवांतर: त्याच हंगामापासून फर्स्ट डाऊनला घड्याळ थांबणं बंद झालं, फक्त प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून. आघाडीवर असलेल्याचा रन त्यामुळे आणखी मोलाचा झाला.

हॅश मार्क
आरपीओ (रन-पास ऑप्शन, एकाच प्लेमध्ये रन किंवा पास) आल्यावर हा वाद निम्मा मिटतो. लाइन रन ब्लॉक करते, क्वार्टरबॅक एकाच लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला) बघतो. तो रनकडे झेपावला तर त्याच्या मागे स्लँट (तिरक्या धावेवरचा झटपट पास), जागेवर थांबला तर चेंडू रनिंग बॅककडे. पुलिंग गार्ड यांच्या दोन चेहऱ्यांच्या सेफ्टीलाही असंच वाचता येतं, निर्णय स्नॅपनंतर होत असल्यामुळे.

कॉलेजमध्ये हे जास्त चालतं त्याला दोन कारणं. लाइनमनला पासच्या वेळी ३ यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच. आणि हॅश मार्कमधलं (प्ले जिथून सुरू होतो त्या मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळींमधलं) अंतर ४० फूट आहे, एनएफएलमध्ये साडेअठरा. चेंडू हॅशवर असला की रुंद बाजूला १०० फूट मैदान पडतं. तिथला एक माणूस रनही अडवेल आणि बाहेरचा पासही, हे होत नाही.

बिघडतं कुठे? क्वार्टरबॅकने निर्णयाला क्षणभर उशीर केला की गार्ड (एक लाइनमन) ४ यार्डांवर पोचलेला असतो, ५ यार्ड दंड. दुसरं म्हणजे मॅन कव्हरेज. प्रत्येक रिसीव्हरला स्वतंत्र माणूस बांधला की वाचायला मधला कोणी उरतच नाही.

पुलिंग गार्ड
आणि गोल लाइनजवळ बहुतेक संघ मॅनच खेळतात. म्हणजे दोन यार्डांवर परत तिथेच आलो. टाइट एंड दोन, जागा सोडून धावत जाऊन ब्लॉक करणारा गार्ड, आणि क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू ठेवून पॉवर, म्हणजे तोही एक ब्लॉकर मोकळा करतो. मेश, आठवड्यातून २० मिनिटं एवढ्या एका प्लेला द्या.

मेश
२० मिनिटं देईन. दोन तास नाही.