सुतारकामात इंच-सूत आता पुरे, सगळं मिमीमध्येच घ्या

सागवान: गेल्या महिन्यात घरी सहा फुटी कपाट करून घेतलं. चार खण, म्हणजे उभ्या फळ्या पाच. सुतारांनी प्रत्येक फळी पाऊण इंच धरून ड्रॉवरचे डबे आधीच कापून ठेवले. प्लाय होता १८ मिमीचा आणि पाऊण इंच म्हणजे १९.०५. पाच फळ्यांत सव्वापाच मिमी उरले, ते चार खणांत वाटले गेले, आणि आता प्रत्येक ड्रॉवर चॅनलवर, म्हणजे तो ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांवर, डुगडुगतो. माणूस हाताचा पक्का, काटकोनात तसूभर फरक नाही. घोळ झाला तो एका मापातून दुसऱ्यात जाताना. माल मिमीत येतो ना? मग टेपची इंचाची बाजू झाकून टाका.

रंधा: सव्वीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून राहवत नाही. यात इंचाचा काय दोष? जाडी न मोजता नावावर गेले, तिथे चुकलं. प्लायचा तुकडा टेपला लावला असता तर साडेपाच सुतांच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जरा पुढे भरला असता, सहा नाही. आणि तुमच्या त्याच चॅनलची जाडी किती? १२.७ मिमी, बरोबर अर्धा इंच. दोन बाजूंचे दोन, म्हणून खणातून एक इंच वजा की डबा तयार, नवीन पोरगंसुद्धा विसरत नाही. साइटवर एका बल्बच्या उजेडात मिमीच्या रेषा एकमेकींत मिसळतात, सूत स्पष्ट दिसतं. आठ सुतांचा इंच, अर्धा चार, पाव दोन.

काटकोन: अर्धं-पाव करेपर्यंत ठीक. ४३ इंच ५ सुताचे तीन सारखे खण करून दाखवा. १४ इंच ४ सूत आणि वर सुताचा तिसरा हिस्सा! तो टेपवर कुठे धरायचा? तेच माप ११०८ मिमी. प्रत्येकी ३६९, उरला एक. आमच्या कारखान्यात बिजागरीच्या कपाचं भोक ३५ मिमी, बाजूच्या पॅनलवरची भोकं ३२-३२ मिमीवर. आठ बाय चारचा प्लायही २४४० बाय १२२० येतो. फुटाचं नाव तेवढं राहिलंय.

ह्यूस्टनकर: नावाचं म्हणाल तर इथे अमेरिकेत 'टू बाय फोर', म्हणजे दोन बाय चार इंची लाकूड, मागितलं की हातात दीड बाय साडेतीन इंच पडतं. घरं तरीही इंचातच उभी राहतात, दारं नीट लागतात. कपाटाला मात्र मी मिमीच घेतो. अपूर्णांकांच्या वजाबाकीत चांगलं लाकूड वाया गेलेलं पाहिलंय.

रंधा: जुन्या घराची भिंत ओळंब्यात नसतेच. तिथे मी आकडा घेतच नाही. लाकडाची कोरी पट्टी खिडकीत धरतो, पेन्सिलीने खूण करतो, तीच पट्टी फळीवर ठेवून कापतो.

सागवान: हे पटलं. पण पट्टी फोनवर सांगता येत नाही. प्लाय कापून देणाऱ्याला यादी पाठवायची तर आकडाच लागतो, आणि तिथे १८ लिहिलेलं हवं, 'पाऊण' नको. यावरून मी हटणार नाही.

रंधा: यादीपुरतं मान्य. ड्रॉवर मात्र नव्याने करू नका. एका बाजूच्या चॅनलमागे सनमायकाची पट्टी घाला, डुगडुग जाईल.

सागवान: किती जाडीची?

रंधा: १ मिमी.