पाच महिन्यांच्या पिल्लाने खाणे एकाएकी कमी केले आहे

कर्वेनगरवासी :
नमस्कार. आमच्याकडे लॅब्राडॉरचे पाच महिन्यांचे पिल्लू आहे. मादी असून तिचे नाव बुंदी. अगदी परवापरवापर्यंत भांड्याचा आवाज झाला की ती स्वयंपाकघराच्या दाराशी हजर असायची आणि भांडे खाली टेकवायच्या आतच त्यात तोंड घालायची. आता मात्र ती भांड्यापाशी जाते, वास घेते, एखादा दाणा तोंडात धरते, मान एका बाजूला कलती करते आणि तो फरशीवर टाकून निघून जाते. उलटी किंवा जुलाब नाहीत, पाणी नेहमीसारखे पिते आणि संध्याकाळी सोसायटीच्या आवारात खेळतेही. लसी ठरल्या वेळी झाल्या आहेत, जंतांचे औषधही वेळेवर दिले आहे. सासूबाईंनी काळजीपोटी दूध-पोळी कुस्करून दिली, ती मात्र तिने चाटूनपुसून संपवली. त्यामुळे हे लाडाचे चोचले आहेत असे माझ्या यजमानांचे मत आहे, तर तिच्या अंगात ताकद राहिली नसावी म्हणून कॅल्शियमचे टॉनिक सुरू करावे असे सासूबाईंना वाटते. घरच्या घरी नेमके काय पाहावे आणि कोणत्या परिस्थितीत अजिबात थांबू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तळजाईकर :
ताई, आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की त्यातच अर्धे उत्तर दडलेले आहे. पिल्लू खात नाही म्हटल्यावर आपले सगळे लक्ष भांड्याकडे जाते. पण पाहायचे असते ते हे की त्याला भूकच नाही, की भूक असून खाता येत नाही, की त्याला दुसरे काही हवे आहे. भूक मेलेले पिल्लू भांड्याकडे उठूनही जात नाही, आणि मळमळ होत असेल तर वास घेऊन ओठ चाटते, लाळ गाळते. बुंदी भांड्यापाशी जाते, दाणा उचलते आणि मान कलती करून टाकून देते, म्हणजे बहुधा चावताना तिला दुखत असावे. मऊ दूध-पोळी लगेच संपली, हेही त्याच्याशी जुळते.

कुत्र्याच्या पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे दात पडू लागतात, मग सुळे आणि दाढा, आणि सातव्या महिन्यापर्यंत साधारणपणे 42 कायमचे दात येऊन पूर्ण होतात. या काळात हिरड्या सुजतात, हुळहुळतात, आणि कोरडे खाद्य नकोसे होते. दिवसाउजेडी तिचा ओठ हलकेच वर करून दोन्ही बाजूंच्या हिरड्या पाहा आणि चावायच्या दोरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात का तेही तपासा. पडलेला दात बहुतेक वेळा पिल्लू गिळून टाकते, त्याने काही बिघडत नाही.

दुसरे कारण वाढीचे आहे. पिल्लाचे वजन मोठेपणीच्या अपेक्षित वजनाच्या निम्मे होईपर्यंत त्याला दर किलोमागे मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. त्यानंतर वाढीचा वेग आणि ही गरज दोन्ही उतरतात. लॅब्राडॉर या टप्प्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात पोहोचतो, त्यामुळे काल पुरणारे प्रमाण आज जास्त वाटू शकते. भांड्यात थोडे उरले म्हणून लगेच चिंता करू नका. बरगड्या हाताला सहज लागत असतील पण ठळक दिसत नसतील आणि वजन वाढत असेल, तर पिल्लाचे पोषण ठीक चालले आहे. घरच्या वजनकाट्यावर तिला उचलून उभे राहा आणि मग त्यातून आपले वजन वजा करा.

कॅल्शियमबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. पिल्लांसाठीच्या तयार खाद्यात ते पुरेसे असते, आणि मोठ्या जातींच्या पिल्लांना जास्तीचे कॅल्शियम शोषून घेणे आटोक्यात ठेवता येत नाही. त्यातून हाडांची वाढ वेडीवाकडी होण्याचा खरा धोका असतो. सासूबाईंची माया समजते, पण पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय ते टॉनिक सुरू करू नये. दुखते म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर चुकूनही देऊ नये.

औंधकर :
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु सध्या पावसाळा आहे आणि आपण पुण्यात राहतो, त्यामुळे गोचिडांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. टेकडीवरच्या गवतात फिरणाऱ्या कुत्र्यांनाच गोचिडी लागतात असा समज आहे. प्रत्यक्षात तपकिरी गोचीड इमारतीच्या जिन्यात, भिंतींच्या फटींत आणि पार्किंगमध्येही आरामात जगते. आमच्या कुत्र्याला गोचीडताप झाला तेव्हा पहिली खूण हीच होती की तो नेहमीसारखा धावत यायचा, पण अन्न अर्धवट सोडून लवकर बसून घ्यायचा. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि पट्ट्याखाली बोटे फिरवून पाहा. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरड्या फिकट असतील, लघवी गडद रंगाची होत असेल, किंवा थर्मामीटरवर 103 फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप असेल, तर रक्ततपासणीला उशीर करू नका.

पिल्लाने दिवसभर काहीच खाल्ले नाही, वारंवार उलट्या झाल्या, जुलाबात रक्त दिसले किंवा ते मलूल होऊन कोपऱ्यात पडून राहिले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लसीचे डोस अपुरे राहिलेल्या पिल्लांमध्ये पार्व्हो या आतड्यांच्या विषाणूजन्य आजाराची शंका पहिली घ्यावी लागते. याच सुमारास मक्याचे कणीस खाऊन उरलेला बुरकुंडा गिळून आतडे तुंबल्याची उदाहरणेही घडतात, म्हणून घरातला कचऱ्याचा डबा झाकलेला ठेवा.

कर्वेनगरवासी :
दोघांचेही मनापासून आभार. आज खिडकीपाशी नेऊन तोंड पाहिले: उजवीकडे खालची हिरडी लाल आणि फुगलेली आहे, आणि दोरीच्या गाठीत तांदळाच्या दाण्याएवढा एक दात अडकलेला सापडला. बाकीच्या हिरड्या गुलाबी आहेत, गोचीड कुठेही आढळली नाही, आणि वजन मागच्या नोंदीपेक्षा वाढलेलेच आहे. आता खाद्य भिजवून द्यावे का, आणि दूध-पोळी चालू ठेवावी का?

तळजाईकर :
खाद्य कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून, बोटाने सहज दाबले जाईल इतके मऊ करून द्या. या दमट हवेत भिजवलेले खाद्य लवकर आंबते, तेव्हा अर्ध्या तासात उरलेले काढून टाका. दूध बंद केलेले बरे, कारण वाढत्या वयात पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. शिवाय दाण्यांकडे पाठ फिरवली की काहीतरी अधिक रुचकर मिळते, हे लॅब्राडॉर फार लवकर शिकतो. सासूबाईंना हाताने भरवायची हौस असेल तर त्यांनी तेच भिजवलेले खाद्य भरवावे. पाण्यात भिजवून फ्रीजरमध्ये गार केलेला स्वच्छ कापडाचा पिळा चावायला दिला तर हिरड्यांना आराम पडतो, पण तो आपल्या नजरेसमोरच द्यावा. हाडे मात्र देऊ नका. शिजवलेल्या हाडांच्या टोकदार चिरफळ्या होतात.

सूज उतरली की हळूहळू पाणी कमी करत पुन्हा कोरड्या दाण्यांवर या. मऊ खाद्यही तिने नाकारले, तर कारण दातांपलीकडचे आहे असे समजून लगेच तपासून घ्या. आणि सुळे बदलताना तेवढे लक्ष ठेवा: नवा सुळा वर आला तरी दुधाचा त्याच्या शेजारी तसाच उभा असेल, तर तो काढावा लागतो का हे पशुवैद्यांना विचारा.